आधी अर्थिंग, मग रायझन

शुक्रवारी रात्री भाच्याचा मेसेज आला. "मामाजी, हा बिल्ड पाहा नं. चाळीस हजारात चांगला हाय का?" खाली कुठल्याशा यूट्यूबवाल्याच्या यादीचा स्क्रीनशॉट.

भाचा आरमोरीला असतो, गडचिरोली जिल्ह्यात. कॉम्प्युटर सायन्सचं दुसरं वर्ष. घरी राहून कॉलेज करतो. आणि चाळीस हजार म्हणजे धानाचे चुकारे आले त्यातून ताईनं बाजूला काढलेले. हे पैसे एकदाच मिळणार. 'पुढच्या वर्षी अपग्रेड करू' ही भाषा आपली, पगारदारांची.

यादी तशी वाईट नव्हती. बरा प्रोसेसर, जुनं पण चालणारं ग्राफिक्स कार्ड, पुढून काच असलेलं कॅबिनेट, त्यात इंद्रधनुष्यासारखे लुकलुकणारे पंखे. शेवटच्या ओळीत एसएमपीएस: 'कोणताही ४५० वॅट'. आणि यूपीएस? यादीतच नाही!

'कोणताही' हा शब्द वाचला आणि मला २००६ सालचा मे महिना आठवला.

माझा पहिला पीसी तेव्हा चंद्रपूरच्या घरी आला होता. नागपूरहून एसटीनं, मॉनिटर मांडीवर घेऊन. दीड महिना मजेत गेला. त्या वर्षांत राज्यभर लोडशेडिंग चालू होतं. गंमत म्हणजे आमच्या गच्चीवरून थर्मल पॉवर स्टेशनच्या चिमण्या दिसायच्या. अख्ख्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या त्या चिमण्यांकडे बघत आम्ही गच्चीवर अंधारात बसायचो. एका दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली आणि कॅबिनेटमधून 'फट्' असा आवाज झाला. जळका वास सुटला. स्वस्तातला एसएमपीएस एकटा गेला नाही, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुकानदार म्हणाला, जळालेल्या मालाला वॉरंटी नसते. असो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की या याद्या पुण्या-बंगळूरच्या एसी खोलीत बसून केलेल्या असतात. त्या आरमोरीत लागू पडत नाहीत. तिथे पीसी जुळवायची सुरुवात प्रोसेसरपासून नाही, भिंतीतल्या सॉकेटपासून करावी लागते.

मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "शाळेतल्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या का रे?" म्हणाला, "हो, सगळ्याइले येते." सगळ्यांना येतात म्हणून कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही! एसएमपीएसच्या आत वायर आणि बॉडी यांच्यामध्ये छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा करंट तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर बसून राहतो आणि मग आपल्याला चावतो. घरीही तेच असणार, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलव, खड्डा खण, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. ग्राफिक्स कार्डाच्या मानानं किरकोळ खर्च. पण कुठल्याही यादीत हा 'पार्ट' सापडणार नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४६-४७ला जाणं ही काही बातमी नाही. कूलर लावूनही खोली पस्तिशीच्या वरच राहते. कपॅसिटरबद्दल एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे पंचवीस अंशांच्या खोलीत जो एसएमपीएस सहा वर्षं टिकेल, तोच चाळीस अंशांत दोन-सव्वादोन वर्षांत गचकणार. म्हणून १०५ अंश रेटिंगचे कपॅसिटर असलेला, ८० प्लसचा शिक्का असलेला घ्यायचा. दुकानात उभं राहून डब्यावरचं '४५०' वाचू नका, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. १५ अँपिअर असतील तर तुमचा ४५० वॅटचा वाघ प्रत्यक्षात १८० वॅटचं मांजर आहे. आणखी एक, ॲक्टिव्ह पीएफसीवाला असेल तर तो साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज किती खाली येतं हे शेतकऱ्याच्या घरी वेगळं सांगायला नको.

यूपीएसचं गणितही असंच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेला पीसी आणि मॉनिटर मिळून दीडशेच्या आत राहतात, म्हणजे सेव्ह करून बंद करायला निवांत वेळ मिळतो. कार्ड घातलं आणि गेम ऐन रंगात असताना लाइट गेली, तर तोच यूपीएस किंचाळून मान टाकू शकतो.

आता ग्राफिक्स कार्ड. तो म्हणतो अभ्यासासाठी. आम्हा दोघांनाही ठाऊक आहे कशासाठी :) आणि त्यात गैर काही नाही, एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. पण मी सुचवलं रायझन ५ ५६००जी. सहा कोर, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच. हे ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्यायच्या. गेमचा फरक डोळ्यांना दिसतो. (२०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव असे काही भडकले की इथेच बजेट फाटलं. एआयच्या डेटा सेंटरची भूक, आणि भुर्दंड आरमोरीच्या पोराला.) एसएमपीएस चांगला असेल तर कार्ड दोन वर्षांनी लावता येतं. उलटं होत नाही.

ऑफिसमध्ये सगळे म्हणाले, लॅपटॉप घेऊन टाक, बॅटरी असते. हॉस्टेलला राहत असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण लॅपटॉपचा बोर्ड गेला तर नागपूर गाठा, अख्खा दिवस घालवा, आणि आठ दिवसांनी परत जा. डेस्कटॉपचा जो भाग गेला तो सुटा बदलता येतो. म्हणून खरेदीचीही वाटणी केली. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सहसा मरत नाहीत, ते ऑनलाइन घे. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि यूपीएस गडचिरोलीच्या दुकानातून, चार पैसे जास्त देऊन, पक्क्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घेऊन. हे तिघं मरतात, आणि मेल्यावर ज्याच्यासमोर जाऊन उभं राहता येईल असा माणूस हवा.

कॅबिनेटवर मात्र भांडण झालं. त्याला काच हवी, मला पुढून जाळी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली तेव्हा चंद्रपूर देशात चौथं होतं. तिथली काळी धूळ मी पंख्याच्या पात्यांवरून बोटानं पुसली आहे. आरमोरीत ती नाही, पण पाली आहेत, उंदीर आहेत. म्हणून जाळी हवी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा, आणि मागची रिकामी भोकं बंद हवीत. एसएमपीएसमध्ये पाल शिरून शॉर्ट झालेला मी स्वतः पाहिलाय, हसू नका. जून उजाडला आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग तर काढायचाच, पण नेटची केबलही उपटायची. लोक ती विसरतात आणि मग राउटर जातो, कधी त्याच्यामागून बोर्डही.

आज सकाळी ताईचा फोन आला. "तू त्याले का सांगतलं? सकायपासून मांगच्या अंगणात खड्डा खंदून रायला." मी तिला म्हटलं, खणू दे, फक्त नळाची पाइपलाइन कुठून गेलीय ते आधी विचार त्याला.