मुख्यमंत्री शेतकरी होता, पण भावाचे काय?



दर वर्षी १ जुलैला कृषी दिन येतो. तालुक्याच्या गावी वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो, भाषणे होतात, आणि भाषणे ऐकून आपला माणूस कपाशीच्या बियाण्याची पिशवी काखेत मारून गावची एस.टी. धरतो. हाराबद्दल आमची तक्रार नाही. पण हारामागे हिशेब झाकला जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

नाईकसाहेब १९१३ साली पुसद तालुक्यातल्या गहुलीला, बंजारा समाजातल्या शेतकरी घरात जन्मले. नागपूरला वकिली शिकले, १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत गेले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इतकी वर्षे त्या खुर्चीत दुसरे कोणी बसलेले नाही.

त्यांनी काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळातली. आमच्या हातातली शेतीची पदवीही त्याच झाडाचे फळ. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम देणारी रोजगार हमी उभी राहिली. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली. तिचा पेरा त्यांनी जिद्दीने वाढवला. ज्वारी बुटकी, लवकर येणारी, कणसाला भरघोस. मात्र कडबा कमी, उशिरा पेरली तर खोडमाशी, आणि कापणीला पाऊस लागला तर दाणा काळा. तरीही रास वाढली, हे खरे.

रास वाढली, मग शेतकऱ्याच्या घरात काय वाढले? त्या काळी ज्वारीवर लेव्ही होती. ठरलेला वाटा, सरकारने ठरवलेल्या भावात, सरकारला घालायचा. पिकवण्याची मोकळीक होती, विकण्याची नव्हती.

कापसाचेही तेच. १९७१ साली कायदा झाला, १९७२ पासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा, हा हेतू चांगला होता, आणि काही वर्षे हमीचा आधारही मिळाला. पण कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्या कोणाला नाही, असे बंधन आले. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, चुकाऱ्याची वाट, आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी सीमेवर नाका. घरचा कापूस नेणारा शेतकरी चोर ठरला. हे बंधन सैल व्हायला २००२ च्या सुमाराची वाट पाहावी लागली.

शेतकऱ्याच्या मुलाने असे का केले? मन खोटे होते म्हणून नव्हे. खुर्चीत बसल्यावर त्याला शहराचे रेशन सांभाळायचे असते, दिल्लीचे ऐकायचे असते. बियाणे बदलले तर सगळे टाळ्या वाजवतात. भाव बदलायला निघाले की सगळे अंगावर येतात. नाईकसाहेबांचे पुतणे सुधाकररावही १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. एका तालुक्याने दोन मुख्यमंत्री दिले. तरी यवतमाळ जिल्ह्याचे नाव पुढे देशाला कळले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे.

हा जुना इतिहास नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत परदेशी गाठींना दार उघडे. सत्तेत तेव्हा शेतकऱ्यांची पोरे कमी नव्हती.

तेव्हा 'मीही शेतकऱ्याचाच मुलगा' म्हणत कोणी दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि तीन गोष्टी विचारा. आयात कर उठला तेव्हा तुम्ही कुठे बोललात? माल हवा तिथे विकू देण्याच्या बाजूने तुम्ही कधी मत दिले? पक्षाने भाव पाडायचे ठरवले, तर पक्षाविरुद्ध उभे राहाल का?

उत्तर सभेत घ्या, चारचौघांसमोर. सातबारा सगळ्यांकडेच असतो. आपल्याला बघायचे आहे ते, भावाच्या दिवशी तो माणूस कोणाच्या बाजूला उभा राहतो.