पिशवीतले सात एक्स-रे

आमच्या शाळेतला पाचवीचा एक मुलगा. वर्गात असला तर त्याचा खोकला आधी ऐकू यायचा, नसला तर समजायचं, पुन्हा दवाखान्यात. एकदा त्याची अम्मी शाळेत आली. हातातल्या कापडी पिशवीत छातीचे सात एक्स-रे, गुंडाळलेले, एकमेकांना चिकटलेले. टीबीचा कोर्स दोनदा झालेला, थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. "सर, हर बार नया फोटो निकालते हैं, पुराना कोई देखता ही नहीं."

पुढे मुंबईत निदान झालं, सिस्टिक फायब्रोसिस. तेव्हापासून मी या आजाराबद्दल वाचतोय. मी भाषेचा शिक्षक, डॉक्टर नाही. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

हा जन्मजात आजार. फुफ्फुसातला कफ चिकट होतो, साचतो, त्यात जंतू घर करतात. पाचकरस आतड्यात पोचत नाहीत, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. आणि घाम कमालीचा खारट. "लहानपणी याचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे," हे अम्मीने मला सहज सांगितलं होतं. 1938 साली डोरोथी अँडरसन या अमेरिकन डॉक्टरबाईंनी हा आजार वेगळा ओळखला. घामातल्या मिठाचा शोध 1953 सालचा. पुढे बराच काळ हा गोऱ्यांचाच आजार समजला गेला, म्हणून आपल्याकडे तो फारसा कुणी शोधलाच नाही. आमच्या नंदुरबारच्या मे महिन्यात अशा मुलाच्या अंगातून किती मीठ जात असेल!

आमच्या जिल्ह्यात छातीत डाग दिसला की टीबी. डॉक्टरांचा पहिला संशय तिकडे जाणं चूक नाही. टीबी इथे खरंच आहे आणि लहान मुलांच्या थुंकीत जंतू सापडणं अवघड असतं. पण कोर्स पूर्ण होऊनही डाग तसाच असेल, वजन वाढत नसेल, दर पावसाळ्यात न्यूमोनिया होत असेल, तर दुसरा प्रश्न विचारायला हवा. एक्स-रे आजाराचं नाव सांगत नाही. नावासाठी घामाची तपासणी लागते आणि ती मोठ्या शहरातच होते.

मग एक्स-रेचा उपयोग काय? आजार कुठवर पोचला, हे कळायला. त्यासाठी गुण देण्याच्या पद्धती आहेत. 1974 ची क्रिस्पिन-नॉर्मन, 1979 ची ब्रासफिल्ड. ब्रासफिल्डमध्ये निरोगी छातीला 25 गुण. अडकलेली हवा, जाड झालेल्या श्वासनलिकांच्या रेषा, गाठी-पोकळ्या, मोठे डाग आणि एकूण अवस्था पाहून गुण कापत जायचे. (आम्हा मास्तरांना गुण कापणं शिकवावं लागत नाही.) सुरुवातीचे बारीक बदल एक्स-रेत निसटतात, सीटी स्कॅनमध्ये लवकर दिसतात, हे खरं. पण सीटीला किरणं जास्त, पैसे जास्त, आणि धडगावच्या डोंगरातून मुलाला तिथवर आणणार कोण? एक्स-रे त्यातल्या त्यात जवळ आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की डॉक्टरांनी नवी फिल्म जुनीशेजारी लावून पाहावी, आणि आपण जुनी मागण्याआधी पुढे करावी. एका परीक्षेच्या गुणांवरून मी मुलाची प्रगती सांगत नाही.

आपल्या घरातलंही एक बोलायला हवं. आई-बाप दोघेही या दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. चुलत, मावस, मामे-फुफी नात्यात लग्नं होतात तिथे असे दोन वाहक एकत्र येणं सोपं. नात्यातलं लग्न जायज आहे, यावर माझा वाद नाही. पण घरात एक मूल असं खोकत असेल तर पुढचा रिश्ता ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारायला काय हरकत? मामाची मुलगी करणाऱ्या हिंदू कुटुंबांनाही हेच लागू.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही ते सात एक्स-रे टेबलावर सरळ करून तारखेप्रमाणे लावले. दोघांवरच्या तारखा पुसून गेल्या होत्या. ते कुठल्या पावसाळ्यातले, हे अम्मीलाही आठवेना.