पिछाडीवर बिकिनी

भूमध्य समुद्रातील श्रीमंत बंदरांत रांगेने उभ्या असलेल्या यॉटच्या पिछाडीकडे पाहिले, की नौकेच्या नावाखाली दुसरे एक नाव दिसते. कुठे वॅलेटा, कुठे हॅमिल्टन, कुठे जॉर्ज टाउन. आणि कधीकधी, चकचकीत अक्षरांत, बिकिनी. पाहणारे हसतात, कारण बहुतेकांना तो पोहण्याचा पोशाखच आठवतो. त्यांचे हसणे अज्ञानातले आहे, ते सोडून देता येईल. नौकामालकाने केलेली निवड सोडून देण्यासारखी नाही.

आधी हे दुसरे नाव कशासाठी असते ते पाहू. शिडांच्या काळात दोन जहाजे समुद्रात जवळ आली, की हाक देऊन विचारले जाई : जहाज कुठले? उत्तरात बंदराचे नाव येई. इंग्रजीतील ‘हेलिंग पोर्ट’ या संज्ञेत ती हाक अजून शिल्लक आहे. पुढे कायद्याने ते उत्तर जहाजावरच रंगवायला लावले. १७९२ च्या अमेरिकी कायद्यात काळ्या पृष्ठभागावर पांढरी, किमान तीन इंच उंचीची अक्षरे सांगितली आहेत. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात चार इंच. अक्षरांची उंची संसदेने ठरवावी, इतके महत्त्व त्या शब्दाला होते. जकात चुकवली, टक्कर झाली, खलाशांचे वेतन बुडवले, तर जाब कोणत्या गावी जाऊन विचारायचा, हे तो शब्द सांगत असे.

आज तो धागा तुटला आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नोंदवहीतील क्रीडानौकेवर देशातील कोणत्याही गावाचे नाव, राज्यासह, लिहिता येते. मालकाने ते गाव पाहिलेले असण्याची अट नाही. विक्रीकर नसलेल्या डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टनचे नाव म्हणूनच इतक्या नौकांवर दिसते. ही चलाखी आहे, पण तिच्यामुळे विल्मिंग्टनकरांचे काही जात नाही.

बिकिनीचे तसे नाही. मार्च १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाने या प्रवाळद्वीपावरील १६७ रहिवाशांना हलवले. त्यांना सांगण्यात आले होते की हे स्थलांतर तात्पुरते आहे. १ जुलैला पहिला अणुस्फोट झाला, आणि चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर याने आपल्या नव्या पोशाखाला बेटाचे नाव देऊन टाकले. नावाची ही पहिली लूट. १९५८ पर्यंत तिथे २३ अण्वस्त्र चाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ च्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची शक्ती पंधरा मेगाटन होती, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट.

विस्थापितांची आधी रोंगेरिक बेटावर उपासमार झाली, मग १९४८ मध्ये त्यांना किली बेटावर नेले. किलीला लगून नाही. प्रवाळकड्याने वेढलेल्या शांत पाण्यात होड्या हाकणाऱ्या लोकांना असे बेट मिळाले, जिथे वर्षातील बरेच महिने होडी किनाऱ्याला लावणेही कठीण. पिढ्यान्‌पिढ्यांची नौकाविद्या तिथे विरत गेली. सत्तरच्या दशकात काही कुटुंबे बिकिनीला परतली. अन्नातून शरीरात सीझियम साठत असल्याचे आढळल्यावर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढले. २००१ मध्ये न्यायाधिकरणाने ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली, पण ती देण्याइतका निधीच त्याच्याकडे नव्हता.

‘ब्राव्हो’च्या राखेखाली एक जपानी मासेमारी नौकाही सापडली : दाइगो फुकुर्यू मारू. बंदर याइझू. तेवीस आजारी खलाशांना घेऊन ती १४ मार्चला याइझूलाच परतली. त्यांतील आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. नौकेचे बंदर म्हणजे काय, हे त्या परतीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

यावर ठरलेला बचाव असा, की मार्शल बेटे सार्वभौम आहेत, नोंदणीतून त्या गरीब देशाला उत्पन्न मिळते आणि बिकिनी हा पर्याय त्यांच्याच नोंदवहीत आहे. उत्पन्नाचा मुद्दा खरा आहे. मात्र ती नोंदवही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या रेस्टन गावातून एक खासगी कंपनी चालवते, हेही त्याच दमात सांगायला हवे. शिवाय पर्याय उपलब्ध असणे ही सक्ती नव्हे. त्याच नोंदवहीत माजुरो आहे. ध्वज तोच, देश तोच. माजुरो ही राजधानी. तिच्या लगूनमध्ये जहाजे खरोखर नांगर टाकतात, बाजार भरतो, माणसे राहतात. एवढे असताना माजुरो सोडून बिकिनी निवडणारा मालक केवळ एका विनोदासाठी ते नाव घेतो, आणि त्या विनोदाची किंमत किलीवर ज्यांनी मोजली त्यांना विचारत नाही.

माजुरो लिहायलाही तीनच अक्षरे लागतात.