मिश्री, सुपारी व कर्करोग

कर्करोगाचें नांव निघतांच आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज खालीं येतो. कोणी त्यास दैवाचा घाला म्हणतो, कोणी पूर्वकर्माचें फळ, तर कोणी रोग्याचें ताट वेगळें काढतो. आमच्या मतें हे तिन्ही समज सारखेच घातक आहेत. हा रोग शेजारीं बसल्यानें लागत नाहीं. आणि निदान तोंडाच्या कर्करोगापुरतें पाहिलें तर त्यांत दैवाचा भाग थोडा व पुडीचा भाग फार मोठा आहे.

शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी झडाव्या, एकीच्या दोन होऊन नव्या उत्पन्न व्हाव्या, आणि गरज संपतांच ही वाढ थांबावी, असा निसर्गक्रम आहे. केव्हां वाढावें, केव्हां थांबावें, केव्हां मरावें, याच्या आज्ञा पेशीच्या केंद्रांत जणूं लिहून ठेविलेल्या असतात. पेशी दुभंगतांना या लेखाची नक्कल होते, तींत चुका राहतात, व बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. परंतु तंबाखूंतील नायट्रोसामाइन नांवाचीं द्रव्यें मूळ लेखच बिघडवितात. एका चुकीनें कर्करोग होत नाहीं. एकाच पेशीच्या वंशांत अनेक चुका सांचाव्या लागतात, आणि त्यास बहुधा वर्षानुवर्षें जातात. म्हणूनच उतारवयांत हा रोग अधिक दिसतो. मग ती पेशी थांबण्याची आज्ञा जुमानीत नाहीं, शेजारच्या मांसांत शिरते, व रक्तावाटे दूर जाऊन तेथेंही ठाण मांडते.

बाहेरच्या पदार्थानें कर्करोग होतो, हें ज्ञान नवें नव्हे. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं धुरांडीं झाडणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला. जपानांत यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांस महिनोन्महिने डांबर लावून कर्करोग उत्पन्न केल्याचें १९१५ सालचें आहे.

आणि आमच्या घरांत? तव्यावर तंबाखू भाजून काळी मिश्री करावयाची, ती पहांटे दांतांस लावावयाची. दाढ दुखते म्हणून आई मुलीसही देते. दुखणें जातें, संवय राहते. सुपारी तर याहून फसवी. तींत तंबाखू नाहीं म्हणून ती निरुपद्रवी, असें शिकलेले लोकही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालीं नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. ती नित्य चघळणाऱ्याच्या गालांचें आंतील अस्तर ताठर होत जातें, तिखट सोसवत नाहीं, आणि पुढें घास घेण्यापुरतेंही तोंड उघडेनासें होतें. अशांपैकीं कांहींना कर्करोग गांठतो. जोडीला मद्य असेल तर धोका कितीतरी वाढतो.

"आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते," हें उत्तर आम्ही अनेकदां ऐकतों. भरधाव मोटारींच्या रस्त्यांतून डोळे मिटून गेलेला एखादा सुखरूप पलीकडे पोहोंचतो, यावरून रस्ता सुरक्षित ठरत नाहीं. उलट, ज्यानें कधीं पानही खाल्लें नाहीं त्यासही हा रोग होऊं शकतो. तेव्हां रोग्यास दोष देत बसणें आम्हांस मान्य नाहीं.

२००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. परंतु मुलाच्या खिशांतील पुडी जप्त करणारा शिक्षकच मधल्या सुटींत तळहातावर तंबाखू मळीत असेल, तर कायद्यानें काय व्हावें? आमच्या व्यवसायबंधूंस हें कडू लागेल, लागो. तोंड हा अवयव असा कीं तो आरशांत दिसतो. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, बोटें आंत न जाण्याइतकें आंखडलेलें तोंड, हीं चिन्हें दिसतांच डॉक्टरांकडे जावें. लवकर सांपडलेला रोग पुष्कळदां बरा होतो. शाळेंतील वार्षिक तपासणींत मुलांबरोबर शिक्षकांचींही तोंडें पाहिलीं जावींत, आणि पालकसभेच्या दिवशीं मातांचींही. कारण मिश्रीचा डबा बहुधा त्यांच्याच फडताळांत असतो.