चैत्रातील परसबाग : पाणी मोजून पेरावे

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. परंतु महाराष्ट्राच्या पठारावर पाडवा उलटला की वसंताचे नाव तेवढे उरते. ऊन ग्रीष्माचे असते. म्हणून या दिवसांत परसबागेत काय लावावे, हे ऋतूच्या नावावरून न ठरविता ऊन आणि घरचे पाणी पाहून ठरविले पाहिजे.

भाजीची खरी टंचाई याच काळात असते. हिवाळ्यातील मेथी-पालक संपलेले असतात आणि पावसाळ्यातील रानभाज्यांना अजून अवकाश असतो. बाजारभाव चढले की गरीब घरच्या ताटातून पालेभाजी प्रथम नाहीशी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पालेभाजीने हे दुखणे एकट्याने बरे होणार नाही. परंतु तिच्यावाचून आहार पुरा होत नाही. सबब, परसबाग पावसाळ्यातच करावयाची हा समज टाकून द्यावयास हवा.

पेरणीपूर्वी पाण्याचा हिशेब करावा. पाच माणसांच्या घरी स्नानाचे व भांड्यांचे मिळून रोज १०० लिटर सांडपाणी निघते असे धरले आणि कडक उन्हात दर चौरस मीटरला रोज ७ ते ८ लिटर पाणी लागते असे मानले, तर १२ ते १४ चौरस मीटरचा वाफा पोसतो. अर्धा गुंठा पेरून सारेच वाळविण्यापेक्षा एवढाच वाफा हिरवा राखणे शहाणपणाचे होय. जेथे टँकरने पाणी येते तेथे वाफा याच्याही निम्मा असावा.

या वाफ्यात पहिला मान तांदुळजा व माठ यांस द्यावा. ही पिके उष्णता सोसतात आणि पेरणीपासून सुमारे चार आठवड्यांत कापणीस येतात. बी बारीक असल्याने ते वाळूत मिसळून पेरावे. अर्धा वाफा आज व उरलेला पंधरवड्याने पेरल्यास भाजी खंड न पडता मिळते. त्यांच्या जोडीस गवार, चवळी व भेंडी लावावी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून टोकावे, आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडलेली रोपे दिसताच उपटून नष्ट करावी. नाहाणीच्या मोरीपाशी अळू व केळ यांस जागा द्यावी. कपड्यांचे सोड्याचे पाणी मात्र भाजीस घालू नये; आणि काकडी-कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या जिनसांना सांडपाणी वर्ज्य समजावे.

मेथी व पालक या उन्हात लवकर फुलावर येतात. टोमॅटोची फुले गळतात. दोडका, कारले, दुधी यांची पेरणी माघ-फाल्गुनात व्हावयास हवी होती. उष्णता वाढली की वेलांवर नरफुलेच अधिक येतात. पुडी हाती आहे एवढ्यासाठी ती आता पेरू नये.

उन्हाळ्यात गादीवाफ्यापेक्षा सपाट वाफा बरा, कारण त्यात पाणी टिकते. पाणी सायंकाळी द्यावे आणि जमीन पाचटाने किंवा वाळल्या गवताने झाकावी. ज्या घरी पाणी अगदीच नाही, त्या घरीही चैत्र वाया जाऊ नये. शेवगा, कढीलिंब व पपई यांचे खड्डे आताच खणून उन्हात तापू द्यावेत. ज्येष्ठात शेणखत व मातीने भरून पहिल्या पावसावर लागवड करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. सर्व घरांना एकसारख्या बियांच्या पुड्या वाटणे सोपे आहे. पण मोरीचे पाणी कोठे जाते, ते किती आहे आणि ते घालणार कोण, हे त्या घरच्या गृहिणीस विचारल्यावाचून पुडी देणे व्यर्थ होय. बहुधा ते पाणी तीच घालते. तेव्हा काय पेरावे याचा शब्दही तिचाच असावा. वाटलेल्या पुड्यांची गणती नोंदवहीत होईलच. तिच्या शेजारी, वैशाखात किती घरी आठवड्यातून तीनदा घरची भाजी शिजली, हा आकडाही लिहिला जावा. काम किती झाले, हे त्यावरून कळेल.