चौविहार आणि चमचाभर साखर

शिरूर-दौंडच्या पेठेतील एखाद्या घरी बालमधुमेहाचे निदान झाले की पहिला संशय मिठाईवर येतो. वस्तुतः हा आहाराचा दोष नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२२ पूर्वी हे निदान मृत्युलेखच ठरे. त्या वर्षी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन मिळाले. पुढे अनेक दशके ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. १९८२ पासून जिवाणूंकरवी बनविलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले.

सुई रोजची आणि आयुष्यभराची. सूर्यास्तानंतर रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमखाली उतरल्यास चौविहार असला तरी शुद्धीवरील मुलास त्वरित साखरपाणी द्यावे. पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार सांगितलेला आहे. इन्सुलिन चुकवून केलेला उपवास हे तप नव्हे. बालकाचे प्राणरक्षण हीही जीवदयाच होय.