घर विकून कर्ज मिटवताय? मग नवं गृहकर्ज लगेच मिळणार नाही

सुपा औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी पट्टा राखला गेला, कारखाने आले आणि नगर-पुणे रस्त्यालगत प्लॉट-फ्लॅटचे बोर्डही लागले. कंत्राटी पगाराच्या भरवशावर काहींनी गृहकर्ज काढलं. कंत्राट संपलं की हप्ता थकतो. मग आम्हा शिक्षकांनाही पालक विचारतात, "सर, बँकेशी तडजोड करून घर विकतोय. तोवर दुसऱ्या लहान घरासाठी कर्ज होईल का?"

व्याजाचं कर्ज घ्यावं की नाही, हा आलिमांना विचारायचा मसला. ज्यांनी घेतलंय, त्यांच्यासाठी उत्तर असं: लगेच होणार नाही.

हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. तरी पैसे भरले नाहीत तर बँक ताबा घेऊन लिलाव करू शकते. लिलावात बाकी पूर्ण फिटली नाही, तर उरलेली रक्कमही मागू शकते.

ही वेळ टाळायला लोक ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड करतात. समजा, बाकी 14 लाख आणि गिऱ्हाईक 11 लाखांचं. बँकेनं मान्य केलं तर गिऱ्हाइकाचे पैसे थेट कर्जखात्यात जातात, 3 लाख सुटतात आणि घरावरचा बोजा उतरतो.

पण या 3 लाखांची किंमत पुढे मोजावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या 8 जून 2023 च्या परिपत्रकानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान 12 महिने जाऊ द्यावे लागतात. बँक ही मुदत वाढवू शकते. शेतीकर्जाला मात्र ही 12 महिन्यांची अट नाही. शिवाय सिबिलच्या अहवालात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद पडते. वर्ष सरलं तरी ती नोंद दिसत राहते आणि दुसरी बँकही ती पाहूनच निर्णय घेते.

आपल्या घरांत कर्ज बहुधा दोघा-तिघांच्या नावावर असतं. भाऊ किंवा बीवी सहकर्जदार असेल, तर हीच नोंद त्यांच्याही अहवालात जाते. म्हणजे मोठ्याच्या तडजोडीमुळे धाकट्याचं घर अडू शकतं. म्हणून सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून मशविरा करावा.

खातं एनपीए व्हायच्या आतच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. जमलं नाही तर लिलावाची वाट न पाहता स्वतः योग्य भावात घर विकून कर्ज पूर्ण फेडावं. थोडेच पैसे कमी पडत असतील, तर ते उभे करून 'क्लोज्ड' नोंद घेणं जास्त फायद्याचं.

तडजोडच करायची झाली तर रक्कम आणि तारीख लेखी घ्या, पैसे भरल्यावर ना-देय दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो तपासा.

तोवर भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. आणि सावकाराकडे तर मुळीच जाऊ नका.